पंख्याखालची खुर्ची

फोनवर काका म्हणाले, "सबवूफर वाजतच नाही." मागून काकूंचा आवाज आला, "वाजत नाही कसा? सगळी बिल्डिंग नावं ठेवतेय!"

वीस वर्षं मी लोकांच्या घरी स्पीकर बसवतोय. सबवूफर, आमच्या बोलीत सब, म्हणजे फक्त खर्ज, खालचे सूर वाजवणारी पेटी. नवराबायको असं उलटसुलट बोलायला लागले की बहुतेक वेळा दोघंही खरं सांगत असतात.

कर्वेनगरातली जुनी तीन मजली इमारत, लिफ्ट नाही, एप्रिलची दुपार. हॉल जेमतेम १२ बाय १० फुटांचा, मोझॅकची फरशी. मधोमध पंखा आणि पंख्याच्या बरोबर खाली काकांची आरामखुर्ची. समोर टीव्ही, त्याच्या दोन बाजूंना दोन छोटे स्पीकर आणि डाव्या कोपऱ्यात १० इंची सबवूफर, तोंड खाली फरशीकडे. मुलानं दिवाळीत रिसीव्हरसकट, म्हणजे सगळे स्पीकर चालवणाऱ्या यंत्रासकट, घेऊन दिलेला सेट. सबच्या पाठीमागचं व्हॉल्यूमचं बटण शेवटपर्यंत पिळलेलं होतं.

काका वीज मंडळातून निवृत्त झालेले, तरुणपणी बरीच वर्षं तबला शिकलेले. त्यांनी एक जुनं वादन लावलं आणि मला विचारलं, "डग्गा कुठंय?" तबल्याची चाट खणखणीत येत होती, डग्गा मात्र शेजारच्या घरात कुणी वाजवत असावं तसा. मी वाकून सबच्या बुडाशी हात नेला. पडदा हलतच नव्हता.

रिसीव्हरचा मेनू उघडला आणि पहिलं कोडं सुटलं. पुढचे स्पीकर 'लार्ज' म्हणून नोंदवलेले होते. 'लार्ज' लिहिलं की रिसीव्हर समजतो, हे स्पीकर सगळा खर्ज स्वतः पेलतील, आणि साध्या स्टिरिओ गाण्यातलं काहीच सबकडे पाठवत नाही. पाच इंची वूफर तो, तो काय पेलणार! सिनेमाची गोष्ट वेगळी. तिथे खर्जाची एक स्वतंत्र वाहिनी असते, फाइव्ह पॉइंट वनमधला तो 'पॉइंट वन', आणि ती वाजवताना रिसीव्हर १० डेसिबलनं वाढवूनच देतो. म्हणजे काका डग्ग्यासाठी बटण पिळत राहिले, डग्गा काही सबपर्यंत पोचला नाही, आणि शनिवारी रात्री नातवानं मारामारीचा सिनेमा लावला की त्या पिळलेल्या बटणाची फळं खालच्या मजल्यानं भोगली.

स्पीकर 'स्मॉल' केले, ८० हर्ट्झच्या खालचं सबकडे वळवलं. सबवरचं फिल्टरचं बटण मात्र पूर्ण वर नेऊन ठेवलं. रिसीव्हर चाळतोय तेवढं पुरे, चाळणीखाली आणखी चाळणी धरली की मधल्या मध्ये पीठ हरवतं. सबचा स्विच 'ऑटो'वर होता तो 'ऑन'वर केला, नाहीतर हळू आवाजात ऐकताना सब मध्येच झोपी जातो. व्हॉल्यूम अर्ध्याच्या खाली. दहा मिनिटांचं काम. डग्गा आला. मी मनातल्या मनात बिलसुद्धा फाडलं.

"आला," काका म्हणाले. "पण मधला दात पडलाय."

म्हणजे काय ते मला कळेना. त्यांनी पुन्हा लावलं आणि हवेत मनगट घासून दाखवलं. डग्ग्यावर मनगट पुढे सरकवलं की सूर खालून वर चढतो, तो घिस्सा एका जागी विझायचा आणि थोडं वर गेल्यावर पुन्हा उजळायचा. मी ऐकलं. खरंच विझत होता. माझ्या लॅपटॉपला मोजमापाचा माइक लावून आलेख काढला, तर ८० च्या आसपास चांगला खड्डा. तिथे सब आणि स्पीकर दोघं मिळून वाजतात, आणि एकाचा पडदा हवा ढकलत असताना दुसऱ्याचा ओढत असेल तर दोघांची बेरीज शून्याकडे जाते. सबमागचं फेजचं बटण ० वरून १८० वर टाकलं. घिस्सा सलग झाला. मशीनच्या आधी माणसानं सांगितलं याचं मला जरा वाईटच वाटलं, खोटं कशाला बोलू.

मग खोलीचा खालचा टप्पा बघावा म्हणून मी एक शुद्ध सूर ३० हर्ट्झपासून हळूहळू वर चढवत नेला. त्यात काय काय खुळखुळतं तेही कळतं. ४० पार झाल्यावर शोकेसची काच कुरकुरली, मग स्वयंपाकघरातल्या स्टीलच्या डब्यांची झाकणं किणकिणायला लागली. तेवढ्यात बेल वाजली.

दारात साठीच्या पुढच्या एक मावशी, पायात चप्पल नाही. मला वाटलं आता तोंडाचा पट्टा सुरू होणार. त्या आत आल्याच नाहीत. चौकट धरून त्यांनी फक्त विचारलं, "काही होतंय का हो?"

काकू लगबगीनं पुढे झाल्या. "नाही हो, हे दुरुस्तीला आलेत, मशीनचा आवाज आहे." मावशींनी मान हलवली आणि तशाच खाली गेल्या.

काकूंनी मग सांगितलं. मावशी औसा तालुक्यातल्या. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा गणपती विसर्जन करून गाव नुकतं झोपलं होतं. त्यांच्या घरातलं कोण कोण गेलं ते काकूंनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. आता मुलाकडे राहतात. शनिवारी रात्री मांडणीवरची भांडी वाजली की त्या उठून जिना उतरतात आणि खाली गेटपाशी जाऊन उभ्या राहतात.

"सोसायटीत सांगितलं त्यांच्या मुलानं," काकू म्हणाल्या. "सेक्रेटरी मोबाइल घेऊन मोजून गेले. रात्रीची मर्यादा ४५, आणि त्यांच्या मोबाइलवर आकडा आला ४१. म्हणाले, नियमात बसतंय."

हे ऐकून माझं डोकं सणकलं. निवासी भागात रात्री दहा ते सहा ४५ डेसिबल, हा नियम बरोबर आहे. पण तो आकडा 'ए' पट्टीवरचा असतो. ही पट्टी माणसाच्या कानाचा कमजोरपणा धरून केलेली, त्यामुळे ५० हर्ट्झला ती जवळजवळ ३० डेसिबल वजा करून दाखवते. मोबाइलचा माइक त्याच्याही आधी खर्ज गाळून टाकतो. म्हणजे मावशींची भांडी नाचत होती आणि मोबाइल म्हणत होता, सारं शांत आहे. त्या बाईंचं म्हणणं भास म्हणून सोडून दिलं गेलं ते असं.

काका गप्प झाले. थोड्या वेळानं म्हणाले, "पण मला या खुर्चीत ऐकूच येत नाही ना. म्हणून तर वाढवत गेलो."

काकूंनी पोळपाटावरून मान वर न करता सांगितलं, "इथे दाराशी उभं राहिलं की छान घुमतं. मी कधीची सांगतेय."

मी खोली टेपनं मोजली, पण उत्तर डोक्यात आधीच आलं होतं. खर्जाची लाट खोलीपेक्षा मोठी असते. ५० हर्ट्झची जवळपास सात मीटर भरते, खोली पावणेचार मीटरचीसुद्धा नाही. ती दोन भिंतींमध्ये अडकून उभी राहते, भिंतींपाशी जोर आणि मधोमध जवळजवळ काहीच नाही. १२ फुटांच्या लांबीत असा सूर ४७ हर्ट्झला बसतो, १० फुटांच्या रुंदीत ५७ च्या आत-बाहेर. आपल्याकडच्या विटा-काँक्रीटच्या भिंती खर्ज फारसा बाहेर सोडतही नाहीत, त्यामुळे हा खेळ जास्तच रंगतो. आणि पंख्याचा हूक गवंड्यानं कुठे टाकलेला असतो? स्लॅबच्या मध्यावर. पंख्याखाली खुर्ची. दोन्ही खड्डे बरोबर एकावर एक येतात त्या जागी काका बसत होते. त्या हॉलमध्ये खर्ज ऐकायला याहून वाईट जागा शोधून सापडली नसती. तेव्हापासून मी कुणाच्याही घरी गेलो की आधी वर बघतो.

"खुर्ची दोन फूट मागे घ्यावी लागेल."

"एप्रिल आहे," काका म्हणाले. "आणि ही खुर्ची १९८८ पासून इथे आहे." खरंच होतं, फरशीवर चार पायांचे चार डाग पडले होते.

मी म्हटलं, "काका, पंखा १२०० मिलिमीटरचा आहे. पातं मध्यापासून दोन फूट. तुम्ही पात्याच्या टोकाखाली याल."

वीज मंडळातल्या माणसाला याहून जास्त सांगायची गरज पडली नाही. ते उठले, खुर्ची स्वतः ओढली, बसले, वर पाहिलं. "इथे वारा जास्त लागतोय की!" मोटरच्या अगदी खाली वारा तसा पडतच नाही. इतकी वर्षं काका दोन्हीकडून उपाशी होते.

मग ती कसरत. सब उचलून खुर्चीत बसवला, काकांच्या जागी, आणि तो वाजत असताना मी भिंतीच्या कडेकडेनं गुडघ्यांवर रांगत फिरलो. जिथे खाली कान नेल्यावर खर्ज सारखा आणि स्वच्छ लागतो, तिथे सब ठेवला की खुर्चीतही तो तसाच लागतो. जागांची अदलाबदल केली तरी हिशेब बदलत नाही. पन्नाशीतल्या माणसानं हे गिऱ्हाइकासमोर करणं म्हणजे लाज कोळून पिण्याचं काम. काकू हातातलं लाटणं तसंच धरून बघत होत्या. सगळ्यात उत्तम जागा देवघराच्या फळीखाली निघाली.

"तिथे मी दिवा लावते," काकू म्हणाल्या. विषय संपला.

दोन नंबरची जागा बाल्कनीच्या दाराजवळ मिळाली. सबखाली जाड रबराची चटई घातली. हवेतून जाणारा खर्ज तिनं थांबत नाही, पण पेटीची थरथर थेट फरशीत उतरायची ती कमी होते. जागा बदलली म्हणून फेज आणि रिसीव्हरमधलं सबचं अंतर पुन्हा जुळवलं. यावेळी लॅपटॉप बाजूला ठेवून काकांच्या घिस्स्यावरच. आणि आता खुर्चीत ऐकू येत असल्यामुळे काकांनी आपण होऊनच व्हॉल्यूम आणखी उतरवलं. बटण घड्याळातल्या नवाच्या काट्यावर. सिनेमासाठी रिसीव्हरमधला, मोठे धडाके दाबणारा रात्रीचा मोड लावून दिला, नातवासाठी चिठ्ठी चिकटवली.

निघताना मी काकांना तोच मारामारीचा सिनेमा लावून ठेवायला सांगितलं, आणि नातू लावतो त्याच आवाजात. मी खाली गेलो.

मावशींनी दार उघडलं. स्वयंपाकघरात मांडणीवर ताटं, वाट्या, तांबे ओळीनं. त्यांच्या खाटेशेजारी स्टुलावर एक थाळी, तिच्यात उलटा पेला, त्याच्यावर दुसरा. कशासाठी ते मला विचारावं लागलं नाही. आम्ही दोघं उभे राहिलो. वरून आवाज येत होता, अगदी नाही असं नाही, पण लांबचा. मी मांडणीच्या फळीवर हात ठेवला. त्यांनीही ठेवला.

"बंद केलंय का आता?"

"नाही, चालू आहे. पूर्वीइतकंच."

त्या बराच वेळ पेल्यांकडे बघत राहिल्या. "भांडे वाजंना झाले," म्हणाल्या. मग माझ्यासाठी चहा टाकायला वळताना जाता जाता वरचा पेला जरासा तिरपा झाला होता तो सरळ करून ठेवला.