अवघड कोडं आणि अपुरं कोडं

आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर रविवारी रात्री नऊला मी एक शब्दकोडं टाकते, चार वर्षं होत आली आता. चाळीसेक जण आहोत, निम्मे पुणे-डोंबिवलीचे, बरेचसे नागपूरचे, दोघी पणजीच्या आणि तिघं न्यूजर्सीत. मार्क असतात, महिन्याचा विजेता असतो, आणि लोक ते मनावर घेतात, म्हणून मीही घेते.

मागच्या महिन्यात एक कोडं केलं. तीन अक्षरी शब्द, माणसांनी गजबजलेलं ठिकाण. मधलं अक्षर काढलं की अर्जुन आठवतो, शेवटचं काढलं की राजाची पंचाईत. उत्तर शहर. मधलं काढलं की शर म्हणजे बाण, शेवटचं काढलं की शह. मला वाटलं बुद्धिबळ खेळणारे हे अर्ध्या मिनिटात सोडवतील, म्हणून राजाची ओळ उडवली आणि बाकीचं पाठवून दिलं.

पहिलं उत्तर आलं ते "नगर". मी चूक म्हणून कळवलं. त्यावर काकांचा मेसेज, "अगं, मधलं काढलं की नर, आणि नर-नारायणातला नर म्हणजे अर्जुनच की!" काका मूळचे नगरचे, त्यामुळे त्यांना तोच शब्द आधी सुचणार हे आलंच, पण मुद्दा तो नाही, मुद्दा हा की त्यांचं उत्तर माझ्या उत्तराइतकंच बरोबर होतं. किंबहुना जास्तच, कारण शर म्हटल्यावर कर्णही आठवू शकतो, एकलव्यही आठवू शकतो, नर मात्र अर्जुनच. दोन्ही उत्तरांना पूर्ण मार्क दिले आणि ग्रुपवर काकांची माफी मागितली.

त्या रात्री बराच वेळ हेच डोक्यात घोळत होतं, की ओळ काढल्यामुळे कोडं अवघड झालं असं मी समजत होते आणि प्रत्यक्षात ते अपुरं झालं होतं. सुडोकूवाल्यांना हे कधीचं माहीत आहे. चांगल्या सुडोकूला उत्तर एकच हवं, आणि त्यासाठी सुरुवातीला किमान १७ आकडे द्यावेच लागतात, १६ मध्ये भागत नाही, हे डब्लिनच्या गणितज्ञ गॅरी मॅकग्वायर यांच्या टीमने २०१२ मध्ये कॉम्प्युटरवर तपासून दाखवलं. आणि गंमत म्हणजे १७ आकड्यांचे सगळेच सुडोकू काही भयंकर नसतात, काही अगदी सरळ सुटतात आणि पंचवीस-सव्वीस आकडे दिलेला एखादा डोकं फोडायला लावतो. म्हणजे माहिती किती दिली यावर कठीणपणा ठरतच नाही, दिलेल्या माहितीतून वाट कशी काढावी लागते यावर ठरतो.

शब्दांच्या कोड्यात अजून एक भानगड असते, शब्द कोणाच्या ओळखीचा आहे. वर्डल हा रोज एक पाच अक्षरी इंग्रजी शब्द ओळखायचा ऑनलाइन खेळ, तो ज्याने बनवला त्या जॉश वॉर्डलकडे पाच अक्षरी इंग्रजी शब्द सुमारे १२,००० होते, त्यातून त्याची जोडीदार पलक शाह हिने ओळखीचे असे साधारण २,५०० निवडले. मला वाटतं त्या खेळात लोक टिकले याचं अर्धं श्रेय या निवडीला आहे. आमच्याकडे मी एकदा "सांबार" घेतला होता आणि खूण दिली होती "भाजीवर भुरभुरतात". नागपूरकरांनी दोन मिनिटांत उत्तर दिलं कारण त्यांच्याकडे कोथिंबिरीला सांबारच म्हणतात, पुण्याचे लोक इडलीच्या वाटीभोवती फिरत राहिले आणि पणजीच्या दोघी गप्पच झाल्या. हे कोडं अर्ध्या ग्रुपला फुकट आणि अर्ध्याला बंद होतं, विचार करून उघडणारं ते कोणालाच नव्हतं. आता एखादा शब्द एका भागाचा असेल तर तसं खुणेतच सांगते, "वऱ्हाडात विचारा" वगैरे, म्हणजे बाकीच्यांना निदान कुठे फोन लावायचा ते कळतं.

अक्षरं मोजायचा नियमही सुरुवातीलाच लिहून ठेवावा लागला. पुस्तक तीन अक्षरी की चार? आमच्यात तीन, जोडाक्षर एकच धरायचं, काना-मात्रा-वेलांटी त्या त्या अक्षरासोबत. आधी हे सांगितलं नव्हतं तेव्हा "पु-स-त-क" मोजणाऱ्यांचा अख्खा रविवार वाया गेला होता. वेळेचंही तसंच. आमचे रात्रीचे नऊ म्हणजे न्यूजर्सीत रविवारची सकाळ, ती मंडळी त्या वेळी किराणा आणायला बाहेर पडलेली असतात, म्हणून पहिल्या उत्तराला जादा मार्क देणं बंद केलं, सोमवारी रात्री नऊपर्यंत उत्तर आलं की सगळ्यांना सारखेच.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, कोडं आधी दोघांकडून सोडवून घेते, ग्रुपमध्ये नसलेल्या. एक माझी आत्या, दुसरे कोल्हापूरचे मामा. मला उत्तर माहीत असतं त्यामुळे माझा अंदाज धरण्यात अर्थ नाही, सोपं वाटलेलं त्यांना तासभर लागतं आणि उलटंही होतं. किती वेळ लागला यापेक्षा मी जास्त विचारते ते मधे कुठले कुठले शब्द मनात येऊन गेले. तिथेच दुसरं उत्तर सापडतं.

परवाचंच बघा. तीन अक्षरी, वाईट वृत्ती. पहिलं काढलं की बुद्धिबळाला लागतो, मधलं काढलं की शिजतो पण पातेल्यात नाही, शेवटचं काढलं की चहाला लागतो. उत्तर कपट, म्हणजे पट, कट, कप. आत्याने सहा मिनिटांत सोडवलं. मामांनीही सोडवलं, पण फोनवर म्हणाले, "पातेल्यात नाही म्हणजे काय, कट पातेल्यातच शिजतो!" त्यांच्या डोळ्यासमोर मिसळीचा कट होता. शब्द तोच, उत्तर तेच, फक्त माझी खूण त्यांना खोटी वाटली, आणि मिसळ रोज खाणाऱ्या माणसाला ती खोटीच वाटणार. "पण पातेल्यात नाही" एवढं खोडलं, नुसतं "शिजतो" ठेवलं आणि नऊला पाठवलं.