शाळेच्या लॅबमध्ये मराठी कीबोर्ड: माझा अनुभव

सहावीच्या मुलांना वर्ड प्रोसेसिंग शिकवणं तसं अवघड नाही. ठळक करा, मधोमध घ्या, कॉपी-पेस्ट. थोड्याच तासिकांत मुलंच आपल्याला शॉर्टकट सांगायला लागतात. घोडं अडलं ते मराठीपाशी. कळव्यातली मराठी माध्यमाची शाळा, आणि लॅबमध्ये टाईप करायचं ‘माय नेम इज’!

विंडोजमध्ये मराठीचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड, म्हणजे कोणत्या कळेवर कोणतं अक्षर याची ठरलेली मांडणी, फुकट मिळतो. १९९१ च्या भारतीय मानकातला तोच. भाषेच्या सेटिंगमध्ये जाऊन जोडला. दुसऱ्या दिवशी गायब. परत जोडला, परत गायब. मुलांनी सेव्ह केलेल्या फायलीही नाहीत. मग उलगडा झाला: लॅबचं कंत्राट ज्यांच्याकडे आहे त्यांनी असं सॉफ्टवेअर टाकलंय की मशीन रिस्टार्ट झालं की सगळं मूळपदावर. व्हायरसपासून बचाव म्हणून ठीकच, पण पासवर्ड फक्त त्यांच्याकडे.

फोन केला. “मॅडम, लेटरहेडवर द्या.” दिलं. “यात मशीन नंबर नाहीत.” प्रत्येक सीपीयूच्या मागे वाकून मोबाईलच्या उजेडात स्टिकर वाचले, त्यातले निम्मे पुसलेले. मग “आमचा माणूस मंगळवारी येतो.” मंगळवार येत राहिले, माणूस नाही. आला त्या दिवशी लॅबची किल्ली शिपाईमामांच्या खिशात आणि मामा तांदूळ उतरवून घ्यायला गेटवर. माणूस थांबला नाही. वर ऑफिसातल्या ताई म्हणतात, “अहो, इंग्लिशमध्येच घ्या ना, पुढे तेच लागणार.” मी गप्प बसले, पण अजून डोक्यातून जात नाही. अखेर मुख्याध्यापिकाबाईंनी देखभालीच्या बिलावर सही थांबवली. लगेच माणूस हजर! काम किती वेळाचं? त्याला दिलेला चहा निवायच्या आत संपलं.

तेव्हा कंत्राट नवीन होत असेल तर आधीच लिहून घ्या: मराठी कीबोर्ड हवा आणि फायली टिकतील असा एक ड्राइव्ह मोकळा हवा.

त्यानंतर मजाच मजा. इनस्क्रिप्टमध्ये स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला. मुलं ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांना आधी दिसते म्हणून आधी दाबतात आणि स्क्रीनवर ठिपक्यांचं वर्तुळ उगवतं. ‘ठिकाण’ लिहिताना आधी ठ, मग वेलांटी. जोड्या लावून एकाने कळा सांगायच्या, दुसऱ्याने न बघता दाबायच्या, हा खेळ चांगला रंगतो.

सगळ्यात गाजला तो ‘शोधा आणि बदला’. परिच्छेद दिला, ‘वर’च्या जागी ‘वरती’ करा म्हटलं. झालं! ‘वरण’चं ‘वरतीण’, ‘सरोवर’चं ‘सरोवरती’. वर्ग लोळला. एक एक बघून बदलायचं, ‘सगळे बदला’वर झेपावायचं नाही, हे न सांगता कळलं. मासुंदा तलावावरच्या निबंधातली वाक्यं उलटसुलट करून दिली आणि अट घातली, एक अक्षरही टाईप न करता फक्त कट-पेस्टने लावा. शांत मुलं यात पुढे असतात, असं मला दिसलं.

हां, विंडोजचं बटण आणि स्पेसबार एकत्र दाबलं की भाषा बदलते. हे प्रत्येक मॉनिटरखाली चिकटवा, नाहीतर तासभर “बाई, इंग्लिशच येतंय” ऐकत फिरावं लागतं.