उंची देऊन वेग घेतला

एप्रिलमध्ये बारामतीत सकाळी दहानंतर विमान शिकताना सर्किट मारणं (धावपट्टीभोवती फेरी घेऊन उतरायचा सराव) म्हणजे वैताग. नांगरलेल्या काळ्या रानावर आलं की छोट्या सेसना १७२ विमानाला कुणी खालून ढोसल्यासारखं वाटतं, पुढं ऊस लागला की ते परत खाली बसतं. त्या दिवशी फायनलवर, म्हणजे धावपट्टीच्या सरळ रेषेत, वळले तेव्हा धावपट्टी एक नॉटिकल मैलावर आणि आम्ही जमिनीपासून ६०० फुटांवर. उतरायच्या नेहमीच्या तीन अंशांच्या उतारावर तिथं साधारण ३०० फूट असायला हवेत.

मी नाक दाबलं. धावपट्टी काचेत मोठी व्हायला लागली, वाटलं, जमलं! वेगाचा काटा मात्र ६५ नॉटवरून ८०वर. टोकाशी उंची बरोबर होती, पण विमान टेकायलाच तयार नाही. दोन हात वरून तरंगतंय, तरंगतंय, अर्धी धावपट्टी मागं गेली.

"गो अराउंड," शेजारी बसलेले, शिकवणारे सर म्हणाले, म्हणजे न उतरता परत वर. फुल थ्रॉटल (पूर्ण पॉवर), फ्लॅप (पंखांमागच्या, उतरताना खाली सोडायच्या झडपा) टप्प्याटप्प्यानं वर.

चढताना म्हणाले, "उंची देऊन वेग घेतलास. आता तो वेग ठेवणार कुठं?"

खरं तर आधी पॉवर पूर्ण काढायची, मग फ्लॅप, आणि नाकानं वेग ६५लाच धरायचा. तरीही नाही जमलं तर वर जायचं, त्यात लाज कसली.

पुढच्या फेरीला सरांनी मुद्दाम उंच ठेवलं, फ्लॅपही घेतले नाहीत, आणि स्लिप शिकवली. वारा डावीकडून, म्हणून डावा पंख खाली आणि उजवा रडर (पायानं चालवायचं शेपटीचं सुकाणू) दाबून. विमान तिरकं, धावपट्टी माझ्या डाव्या हाताला. अंगच हवेला आडवं केल्यावर उंची भराभर जाते, वेग वाढत नाही. स्लिपमध्ये वेगाचा काटा खोटं बोलू शकतो, म्हणून नाक कुठं आहे ते बघायचं. (फ्लॅप खाली असताना स्लिप करावी का, ते आपल्या विमानाच्या हँडबुकात वाचा. काही १७२मध्ये त्याबद्दल सूचना असते.)

१९८३ साली कॅनडात इंधन संपलेलं बोइंग ७६७ बॉब पिअरसन यांनी असंच स्लिप करत गिमलीला उतरवलं होतं. ते ग्लायडर उडवायचे. माझा तर पाय चहा पिऊन होईपर्यंत थरथरत होता.

चहावर सरांनी विचारलं, "उंच का झालीस?" मी उन्हावर ढकललं. त्यांनी नकारार्थी मान हलवली. डाउनविंडवर, म्हणजे धावपट्टीला समांतर उलट दिशेनं जाताना, धावपट्टीचं टोक शेजारी आलं तेव्हा मी रेडिओवर बोलत बसले होते, पॉवर कमी केलीच नव्हती.