शातो गायार पडला कसा?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. किल्ल्यांच्या गप्पांत फ्रान्समधल्या शातो गायारचं नाव निघालं की एक प्रश्न हमखास येतो : शत्रू शौचकूपातून आत शिरला आणि किल्ला पडला, हे खरं का?

नॉर्मंडीत लेझांदली गावाच्या डोक्यावर, सेन नदीकाठच्या चुनखडीच्या कड्यावर हा किल्ला आहे. इंग्लंडचा राजा पहिला रिचर्ड नॉर्मंडीचाही ड्यूक होता. नॉर्मंडीची राजधानी रुआँ, तिकडे जाणारी फ्रेंचांची वाट अडवायला त्यानं ११९६ ते ११९८ या अवघ्या दोन वर्षांत तो उभा केला. बालेकिल्ल्याचा तट तर बघत राहावा असा! सपाट भिंत नाहीच, अर्धगोल फुगवटे एकाला एक खेटून, म्हणजे दगडाचा मारा घसरून जावा.

११९९ मध्ये रिचर्ड गेला आणि फ्रान्सच्या दुसऱ्या फिलिपनं १२०३ मध्ये वेढा घातला. खालच्या गावातली माणसं जीव मुठीत धरून गडावर आली होती. रसद पुरेना, तेव्हा किल्लेदार रॉजर दे लेसीनं त्यांना बाहेर काढलं. पहिल्या टोळ्यांना फ्रेंचांनी जाऊ दिलं. पुढच्यांना मात्र फिलिपच्या हुकमानं अडवलं, आणि मागे गडाचे दरवाजे बंद. बायकापोरांसकट शेकडो लोक भर हिवाळ्यात तट आणि वेढा यांच्या मधल्या उतारावर उपाशी अडकले. अखेर फिलिपनं त्यांना अन्न दिलं, तोवर फार उशीर झाला होता. मला विचाराल तर या किल्ल्याची खरी कथा ही आहे, आणि नेमकी तीच कोणी विचारत नाही.

आता शौचकूप. वेढ्यात हजर असलेला फिलिपचा पुरोहित गियोम ल ब्रेतों खिडकीबद्दल लिहितो. रिचर्डचा भाऊ जॉन यानं नंतर बांधलेल्या प्रार्थनाघराची ती खिडकी; तिथून शिपाई मधल्या कोटात शिरले. बाहेरचा बुरूज त्याआधीच पाडला होता : पायाखाली भुयार खणायचं, लाकडाचे टेकू द्यायचे आणि ते पेटवायचे. बालेकिल्ल्याच्या तटालाही शेवटी खालून पोखरून आणि यंत्रानं दगडांचा मारा करून भगदाड पडलं.

६ मार्च १२०४ ला किल्ला पडला, जूनमध्ये रुआँ शरण आलं. आज दिसते ती पडझड मात्र मुख्यतः या वेढ्यातली नव्हे. पुढे फ्रेंच राजांनीच हा गड वापरला, आणि १५९९ मध्ये चौथ्या हेन्रीनं तो पाडायचा हुकूम दिला.