औलूच्या थंडीत सायकल चालते ती कशामुळे

परवा पुण्यातल्या घरच्यांच्या ग्रुपवर मी इथून, फिनलंडमधल्या औलूहून, एक फोटो टाकला. आमच्या जवळच्या शाळेचं पटांगण, मायनस १८, आणि बर्फात ओळीने लावलेल्या मुलांच्या शेकडो सायकली, प्रत्येक सीटवर पांढरा थर. धाकट्या मामाने लगेच लिहिलं, "याला म्हणतात इच्छाशक्ती! आपल्याकडची कार्टी १२ डिग्रीला रजईतून बाहेर येत नाहीत." त्याखाली मावशी, काका, चुलतभाऊ, सगळ्यांचे अंगठे. मग सुरूच झालं, फिनलंडची माणसं किती काटक, आपण किती आळशी, आपल्याला सगळं आयतं लागतं वगैरे. मला ते फार लागलं. मामाचं म्हणणं मला अजिबात पटलेलं नाहीये आणि ते दोन ओळीत खोडून काढण्यासारखंही नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितेय.

आधी थंडीबद्दल, म्हणजे अंदाज येईल. औलू साधारण ६५ अंश उत्तरेला, आर्क्टिक सर्कलच्या थोडंसंच खाली. डिसेंबरच्या शेवटी सूर्य साडेदहाच्या सुमाराला उगवतो आणि दोन वाजून गेले की मावळतो, आणि उगवतो म्हणजे काय तर झाडांच्या शेंड्यांना लागून तिरका तिरका सरकतो, डोक्यावर येतच नाही. पुण्यात नोंदलेलं सगळ्यात कमी तापमान १.७ अंश, तेही १९३५ च्या जानेवारीतलं. इथे हिवाळ्यात १.७ अंश झालं तर लोक जॅकेटची चेन उघडी टाकून फिरतात.

तर अशा ठिकाणी माणसं सायकल कशी चालवतात? मी रोज बघते ते सांगते. रात्रभर बर्फ पडलेला असतो, सकाळी साडेसहाला खिडकीतून बघावं तर बाहेर काळोख, आमच्या पार्किंगमधल्या गाड्या अर्ध्या बुडालेल्या, कोणी हात लावलेला नाही. आणि मागचा सायकल ट्रॅक मात्र साफ. माणसं कामाला निघायच्या आत बर्फ काढणारी गाडी येऊन गेलेली असते, तिचा वर फिरणारा पिवळा दिवा कधीकधी झोपेतच भिंतीवर दिसतो. ती गाडी बर्फ खरवडून डांबर उघडं करत नाही. वरचा भुसभुशीत थर बाजूला सारते, खालचा दाबून घट्ट ठेवते आणि त्यावर दातेरी पात्याने बारीक रेघा ओढते, म्हणजे टायरला पकड मिळते. मग वर बारीक खडी. मीठ नाही टाकत, कारण मायनस १० च्या खाली मिठाचा फारसा उपयोग होत नाही आणि अर्धवट वितळलेला चिखल परत गोठला की त्याची काच होते. ही खडी सगळा हिवाळा तिथेच पडून असते, बुटाच्या खाचांमधून घरात येते, आणि वसंतात बर्फ गेला की सगळ्या गावभर ती झाडून परत गोळा करायचा कार्यक्रम असतो.

या सायकल ट्रॅकबद्दल मी जरा जास्तच बोलते असं नवरा म्हणतो, पण मला खरंच त्याचं फार कौतुक आहे. १९७० च्या दशकापासून यांनी हे जाळं विणत आणलंय, आता ते ९०० किलोमीटरच्या वर आहे, आणि मोठ्या रस्त्यांखालून जायला इतके बोगदे आहेत की मी ऑफिसला जाताना एकाही सिग्नलला थांबत नाही. थंडीत हे फार महत्त्वाचं असतं कारण पेडल मारताना थंडी वाजत नाही, थांबलात की वाजते. जगभरातल्या हिवाळी सायकलवाल्यांची पहिली परिषदसुद्धा २०१३ मध्ये इथेच भरली होती. इथल्या मेत्सोकांगास भागातल्या शाळेचे तर बर्फातल्या सायकलींचे फोटो परदेशात सगळीकडे फिरले. लोकांनी तेव्हाही मुलांचं कौतुक केलं असणार, मामासारखंच. अरे, पण त्या मुलांना घरापासून शाळेपर्यंत एकही गाडी आडवी येत नाही, रस्ता झाडलेला आहे, दिवे लागलेले आहेत, सायकलला काट्यांचे टायर आहेत आणि उलटं पेडल मारलं की लागणारा ब्रेक आहे, जो गोठत नाही. सात वर्षांच्या मुलाला यात इच्छाशक्ती कशाला लागते? त्याला फक्त टोपी घालायला लागते.

आणि मामा, तुझ्याच वडिलांचं उदाहरण घे ना. आजोबा सदाशिव पेठेतून खडकीच्या दारूगोळा कारखान्यात रोज सायकलने जायचे, सकाळची पाळी असली की अंधारात, डिसेंबरच्या गारठ्यात मफलर गुंडाळून. त्यांच्याबरोबर अख्खा जथ्था असायचा असं आजी सांगायची. पुण्याला सायकलींचं शहर म्हणायचे ते उगाच नाही. मग ती पिढी काय वेगळ्या मातीची होती? रस्ते मोकळे होते, गाड्या मोजक्या होत्या, सायकल हेच सगळ्यात सोयीचं होतं, म्हणून गेले. आज त्याच रस्त्याने सायकल काढायला आजोबांनी स्वतः मला परवानगी दिली नसती. आपल्याकडे सायकल ट्रॅक नाहीत असं नाही, आहेत, पण त्यावर दुचाक्या लागलेल्या, पुढे भेळेची गाडी, त्याच्यापुढे डीपी, आणि डीपीच्या पुढे ट्रॅकच संपलेला. तिथे मुलं सायकल चालवत नाहीत तर ती आळशी?

आईचंही तेच. आई माझ्या लहानपणी रोज संध्याकाळी फिरायला जायची, आता जात नाही. आमच्या गल्लीतल्या फुटपाथचे ब्लॉक वर आलेत, त्यात एकदा तिचा पाय मुरगळला, तेव्हापासून धास्ती बसलीये. डॉक्टर सांगतात चाला, मी इथून फोनवर सांगते चाल, ती म्हणते "अगं चालू कुठे?" आणि तिचं बरोबर आहे. इथे माझ्या शेजारच्या आजी आईपेक्षा बऱ्याच मोठ्या असतील. त्या किकस्लेज घेऊन दुकानात जातात. म्हणजे पुढे एक लाकडी खुर्चीसारखी बैठक, तिच्या दोन्ही बाजूंनी मागे लांबवर गेलेल्या लोखंडी पट्ट्या, एका पट्टीवर पाय ठेवायचा, दुसऱ्या पायाने जमिनीला ढकलायचं, आणि बैठकीवर दूध, बटाटे, पाव. धरायला हँडल असतं त्यामुळे पडायची भीती नाही, आणि दमल्या की खुर्चीवर बसतात. त्यांना बघितलं की दरवेळी मला आईची आठवण येते. आईत काही कमी नाहीये.

सगळंच इथलं चांगलं असं मात्र मुळीच नाही. पुणेकर आळशी असतात हे ज्याला म्हणायचंय त्याने पहाटे साडेपाचला तळजाईला जाऊन दाखवावं. पर्वतीच्या पायऱ्या, हनुमान टेकडी, वेताळ टेकडी, रविवारी सिंहगड, माणसं नुसती वाहत असतात. बाबा सत्तरी ओलांडूनही मे महिन्यात टेकडी चुकवत नाहीत, ४० डिग्रीच्या दिवसांत. इथल्या माझ्या टीममधली काटक मंडळी २७ डिग्री झाले की "आज काम होणार नाही" म्हणतात, पंखा लावून बसतात, तेव्हा त्यांच्या इच्छाशक्तीबद्दल कोणी काही बोलत नाही. टेकडीवर लोक नुसते चालत नाहीत, घरून पाण्याच्या बाटल्या नेऊन झाडं जगवतात, प्लास्टिक वेचून खाली आणतात, आणि वेताळ टेकडीतून रस्ता काढायचं ठरलं तेव्हा हीच फिरायला येणारी माणसं रस्त्यावर उतरली होती. चालायला एक धड जागा मिळाली तर पुणेकर ती जिवापाड जपतो. पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ पासूनची आहे, हे पण ग्रुपवर कोणाला आठवलं नाही.

आणि टेकडीवर जे मिळतं ते मला इथे आजवर मिळालेलं नाही. रोजचे चेहरे. "काय, काल दिसला नाहीत?" असं विचारणारं कोणीतरी. सूर्यनमस्कार घालणारे एक काका, हसण्याच्या क्लबवाले, खाली उतरलं की गव्हांकुराचा रस, आणि तो पिऊन वर परत पोहे. इथे ट्रॅकवर समोरून माणूस येतो, नजर चुकवतो आणि निघून जातो, उद्धटपणा नाही, त्यांची पद्धतच ती. व्यायाम होतो पण गप्पा होत नाहीत. नोव्हेंबरमध्ये, बर्फ पडायच्या आधी, जेव्हा नुसता काळोख आणि भिजट गारठा असतो, तेव्हा मला घरातून निघायला सगळ्यात जड जातं ते यामुळे. बर्फ पडला की निदान उजेड तरी परावर्तित होतो.

काळोखावरून मला जे सगळ्यात मनापासून सांगायचंय ते सांगते, आणि हे बायकांना लगेच कळेल. इथे जंगलातून दिव्यांचे ट्रॅक आहेत, उन्हाळ्यात पळायचे, हिवाळ्यात स्कीचे. रोज मशीनने बर्फात दोन खोल खाचा पाडून देतात, त्यात स्की बसवायच्या आणि जायचं. त्या ट्रॅकवर पायी चालायचं नाही, कुत्रं न्यायचं नाही, खाचा मोडतात, तिथे नियम कडक, चालणाऱ्यांची वाट वेगळी. हे दिवे रात्री उशिरापर्यंत चालू असतात आणि मी तिथे रात्री नऊला एकटी जाते. जंगलात, एकटी, हेडफोन न लावता सुद्धा घाबरत नाही. कॉलेजात असताना टेकडीवर गेले की आईचं एकच वाक्य, "दिवेलागणीच्या आत खाली उतर." त्यामुळे व्यायाम म्हणजे पहाट नाहीतर संध्याकाळचा तेवढाच तुकडा, क्लास आणि कॉलेज सांभाळून जमला तर जमला. तेव्हा मी नियमित नव्हते, घरात मला त्यावरून बोलणी बसायची. आता आहे. मी बदललेय असं घरच्यांना वाटतं. मला विचाराल तर मी तीच आहे, माझा दिवस संध्याकाळी सहाला संपत नाही एवढाच फरक.

आता आईबाबा मार्चमध्ये पहिल्यांदाच येतायत आणि त्यांच्यासारखे अजून कोणाचे आईवडील अशा देशात येत असतील तर कामाचं तेवढं सांगते, कारण बाबांनी येतानाच "मी रोज तासभर चालणार" असं जाहीर केलंय.

बाबा, सुती बनियन आत घालून येऊ नका. घाम सुतात राहतो, थांबलात की तोच गार पडतो आणि मग कितीही जाड जॅकेट असो, हुडहुडी भरते. आत लोकरीचं किंवा थर्मल, मधे स्वेटर, वर वारा अडवणारं काहीतरी. दाराबाहेर पडताना किंचित थंडी वाजली पाहिजे, निघतानाच उबदार वाटलं तर पाच मिनिटांत घाम येणार म्हणून समजा. आईची कानटोपी चालेल, उत्तम आहे. नाकातोंडावर मफलर हवाच, हवा इतकी कोरडी आणि गार असते की एकदम जोरात चाललात तर छाती आवळल्यासारखी होते, बाबांना पूर्वी दम्याचा त्रास होता त्यामुळे पहिली दहा मिनिटं अगदी सावकाश, आणि पंप जॅकेटच्या आतल्या खिशात, बाहेरच्या नाही. मोबाईलपण आतच, गारठला की बॅटरी एकदम बसते. तहान लागत नाही म्हणून पाणी प्यायचं राहून जातं, ते घरी येऊन आठवणीने प्यायचं. मायनस २० च्या खाली गेलं तर घरातच सूर्यनमस्कार, तेवढ्या थंडीत इथे स्कीच्या शर्यतीसुद्धा घेत नाहीत, त्यामुळे त्यात कमीपणा काही नाही. घरात २१ अंश असतात, बनियनवर घातले तरी चालतील.

मार्चमध्ये ऊन छान असतं, बर्फ असतो, नल्लिकारीच्या किनाऱ्यावर गोठलेल्या समुद्रावर लोक चालत असतात, ते मला दोघांना दाखवायचंय. धोका एकच, दुपारी वितळलेलं रात्री गोठतं आणि सकाळी फार घसरतं, इथल्या हवामान खात्याचा पायी चालणाऱ्यांसाठी वेगळा इशारा येतो त्या दिवशी. मी दोघांसाठी बुटाला खालून लावायचे रबरी काटे बघून ठेवलेत, आणि शेजारच्या आजींना विचारलंय, त्यांच्याकडे जुनी दुसरी किकस्लेज पडून आहे, ती त्या आईसाठी द्यायला तयार आहेत. आई, ग्रुपवर बाबांच्या बुटाचा नंबर टाक, सात का आठ ते, आणि तुझापण.