चोबेची फाइल आणि पिवळं कार्ड

ठाण्यात एका ट्रॅव्हल ऑफिसात मी फॅमिली टूर्स बघते. दिवाळीच्या सुट्टीसाठी निम्मं पब्लिक दुबई आणि उरलेलं केरळ, त्यात एका काकांनी येऊन बोट्सवानाचं चोबे नॅशनल पार्क मागितलं तेव्हा खरं सांगते मीच जास्त खुश झाले. काका, काकू, मुलगा आणि काकांची आई. आजींचं वय 72, डोंबिवलीला भूगोल शिकवून रिटायर झालेल्या.

पहिल्याच मीटिंगला आजींनी पिशवीतून घड्या पडलेला आफ्रिकेचा नकाशा काढला आणि माझा कीबोर्ड बाजूला सारून टेबलावर पसरला. "हे बघ, अंगोलातून निघते तेव्हा ही क्वांडो, मग लिन्यांती, मग चोबे, नदी एकच. आणि पुढे झांबेझीला पूर आला की ही चक्क उलटी वाहते. ते दिसेल का?" म्हटलं आजी, पुराचं पाणी मार्च-एप्रिलच्या सुमारास असतं, तुम्ही ऑक्टोबरमध्ये चाललाय. थोड्या हिरमुसल्या.

पण हत्तींसाठी दिवाळीची सुट्टी म्हणजे अगदी नेमका सीझन. पावसाळा सुरू व्हायच्या आधीचे दिवस, आतल्या जंगलातले पाणवठे आटलेले, मग कळपच्या कळप नदीवर उतरतात आणि तेही दुपारी तीननंतर. म्हणून मी जीप सकाळी लावली आणि बोट दुपारी, नदीतल्या सेडुडू बेटाच्या बाजूने. या बेटावरून बोट्सवाना आणि नामिबिया थेट हेगच्या आंतरराष्ट्रीय कोर्टात गेले होते, 1999 मध्ये निकाल बोट्सवानाच्या बाजूने लागला. हत्तींना त्याचं काय, ते सोंड पाण्याबाहेर काढून पोहत जातात आणि बेटावरचं गवत खातात. काकांना पार्कातलाच आतला भाग, सावुतीपण हवं होतं, सिंहांसाठी. वाळूतला तासन् तासांचा रस्ता आणि चाळिशीला टेकलेला पारा, आजींना घेऊन नकोच म्हटलं. काका जरा कुरकुरले.

आता तो दिवस. गुरुवार, निघायला 11 दिवस. व्हाउचर्स प्रिंट करत होते, डबा उघडून बाजूला तसाच पडलेला, आणि सहज तिकिटावर नजर गेली. मुंबई-नैरोबी-जोहान्सबर्ग, पुढे चोबेला लागून असलेलं कसाने. नैरोबीला 14 तासांचा हॉल्ट. स्वस्त पडलं म्हणून दोन महिन्यांपूर्वी मीच काढलेलं, हॉल्टमध्ये झोपायला हॉटेलही मीच बुक केलेलं आणि वर काकांना कौतुकाने सांगितलेलं.

पोटात गोळाच आला. नैरोबी म्हणजे केनिया, आणि केनिया यलो फीव्हरचा धोका असलेल्या देशांच्या यादीत. 12 तासांच्या वर तिथे ट्रान्झिट झालं की साऊथ आफ्रिका लसीचं पिवळं कार्ड मागते, बोट्सवानाला तर नुसतं ट्रान्झिटही पुरतं. भारतातून सरळ जाणाऱ्याला हे लागत नाही म्हणून माझ्या चेकलिस्टमध्ये तो कॉलमच नव्हता! कार्ड व्हॅलिड होतं लसीनंतर 10 दिवसांनी, म्हणजे तिघांना आज-उद्या टोचलं तरी काठावर बसलं असतं. पण आजी? साठीच्या पुढे या लसीचा त्रास गंभीर होऊ शकतो, त्यांच्या डॉक्टरांनी फोनवरच सांगितलं की नुसत्या विमान बदलण्यासाठी मी ही लस देऊ देणार नाही.

काकांना फोन केला. चूक माझी आहे हे पहिल्या वाक्यातच सांगून टाकलं, नंतर सांगण्यात अजून लाज. ते जे बोलले ते इथे लिहीत नाही, बरोबरच होतं. मागून आजींचा आवाज, "दे इकडे फोन." मग मला, "अगं, घाबरू नकोस, नकाशा उघड. केनिया टाळून जायचं ना? वरून आखातातून उतर."

दुबईमार्गे शोधायला बसले. गोची अशी की जोहान्सबर्ग-कसाने विमान त्या दिवशी एकच, ते चुकलं की चोबेची एक रात्र गेली आणि लॉजचे पैसेही. दोन कनेक्शन तासाभराने हुकत होती, तिसरं बसलं पण तीनच सीटा दाखवत होतं. संध्याकाळी साडेसातला चौथी सुटली आणि मी श्वास न घेता तिकिटं इश्यू केली, आजींच्या नावापुढे व्हीलचेअर टाकली. जुन्या तिकिटांचं कॅन्सलेशन अर्धं ऑफिसने भरलं, अर्धं माझ्या पगारातून गेलं. डबा घरी जाऊन फेकला.

भाऊबीजेनंतर आजी स्वतः ऑफिसात आल्या, चकल्या घेऊन. मोबाइलवर व्हिडिओ दाखवला, पाण्यावर चार सोंडा आणि मधे एक अगदी छोटी, पिल्लाची. पाठीमागे काकांचा आवाज, "आई, बस खाली, बोट हलतेय."

"छान झालं सगळं," म्हणाल्या, "फक्त नदी सरळच वाहत होती. पुढचं एप्रिलचं लाव."

म्हटलं आजी, तोवर पाऊस होऊन गेलेला असतो, हत्ती आत पांगतात, नदीवर फारसे दिसणार नाहीत.

"हत्ती बघून झाले गं," आजी म्हणाल्या आणि पिशवीतून तोच नकाशा काढला.