सहा हजार तास कुठून आले?

सांगली, गुरुवार रात्री

आज तिसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंग इकॉनॉमिक्स शिकवताना पुस्तक बाजूलाच ठेवलं. फळ्यावर एक प्रश्न लिहिला: कुपवाड एमआयडीसीतल्या कारखान्याला ११ किलोवॅटची, म्हणजे १५ एचपीची मोटार हवी आहे. आयई-२ घ्यायची की महागातली आयई-३? (आयई म्हणजे मोटारीच्या कार्यक्षमतेची श्रेणी; आकडा मोठा, तितकी वीज कमी.)

पोरांनी आधी किमतीतला फरक विचारला. मी म्हटलं, आधी वीज मोजा. चार पोलच्या या मोटारीची कार्यक्षमता आयई-२ ला ८९.८ टक्के, आयई-३ ला ९१.४. पूर्ण लोडवर वर्षाला ६,००० तास चालवली, तर आयई-२ साधारण ७३,५०० युनिट खाते. युनिटला ८ रुपये धरले तरी पावणेसहा लाखांच्या वर बिल, तेही दरवर्षी! आयई-३ घेतली तर त्यातले जवळजवळ १,३०० युनिट वाचतात, म्हणजे दहा हजार रुपये.

तेवढ्यात मागच्या बाकावरून एका मुलीनं विचारलं, "मॅडम, सहा हजार तास कुठून आले?"

मला फार बरं वाटलं. एकाच शिफ्टचा कारखाना असेल, तर तास २,४०० च्या आसपास आणि बचत चार हजारांवर येते. मग निर्णय फिरूही शकतो. परीक्षेत व्याजदर, आयुष्य, भंगाराची किंमत सगळं गणितातच दिलेलं असतं. पोरं सूत्र लावून वर्तमान मूल्य, म्हणजे पुढं मिळणाऱ्या पैशांची आजची किंमत, काढतात, मार्क मिळवतात. कारखान्यात यातलं काहीच कुणी हातात देत नाही. तास सुपरवायझरला ठाऊक, लोड इलेक्ट्रिशियनला, कर्जाचा दर अकाउंट्सला. त्यांच्याकडे जाऊन विचारायला लाजणारा इंजिनिअर सूत्र घेऊन काय करणार? हे कॉलेजातच शिकवायला हवं, असं मला अगदी मनापासून वाटतं.

मालक विचारणार, "पैसे कधी वसूल होणार?" त्याचं उत्तर महिन्यांत देता यायलाच हवं. पण वसुलीनंतरची वर्षंही त्याच कागदावर दाखवता आली पाहिजेत, कारण खरी कमाई तिथं असते.

आता प्रत्येक गटानं मिरज, कुपवाड किंवा पलूसकडचं एक वर्कशॉप गाठायचं आणि एका चालू मोटारीचे तास, लोड, वीजदर विचारून आणायचे. त्या पुढचा प्रश्नही ठरवलाय: जळालेली मोटार रिवाइंड करायची, म्हणजे आतली तार नव्यानं गुंडाळून घ्यायची, की नवी घ्यायची? रिवाइंडिंगवर आधी झालेला खर्च हिशेबात धरायचा का, यावर वर्गात भांडण होणार, आणि ते मला हवंच आहे.